बर्फ, चिखल आणि मोटारीची चाके

बर्फातून मोटार कशी चालते, हा विषय चकलांब्यातील श्रोत्यांपुढे मांडावयाचा म्हटला की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की आपल्याकडे बर्फ पडतो कोठे? गोदावरीच्या दक्षिणेस, गेवराई तालुक्याच्या या भागात थंडीत ज्वारीच्या पानांवर दव पडते तेवढेच. कधी गारा पडल्या तर त्या तासाभरात विरघळून जातात. प्रश्न रास्त आहे. परंतु बर्फाचा सख्खा भाऊ आपल्या घरी दरवर्षी मुक्कामाला येतो, तो म्हणजे काळ्या रानातला चिखल. रस्त्यावर तो पसरला म्हणजे मोटारीची जी गत होते, तीच हिमाचलात किंवा कॅनडात बर्फामुळे होते. एकाचे शास्त्र कळले की दुसऱ्याचे आपोआप कळते. म्हणून आज जुन्या आणि नव्या मोटारी निसरड्या रस्त्यावर कशा वागतात, एवढाच विचार करावयाचा आहे.

प्रथम आपल्या मातीची ओळख करून घेऊ. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे एक खनिज भरपूर असते. त्याचे कण पातळ पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. त्यामुळे माती फुगते; पाणी गेले की आकसते, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या सरीत या मातीचा वरचा थर तेवढा भिजतो, खाली जमीन कठीणच असते. अशा वेळी वरचा पातळ राडा साबणासारखा निसरडा होतो. झड लागली की भिजणे खोलवर जाते आणि चाक रुतू लागते. घसरणे आणि रुतणे ही दोन संकटे वेगळी आहेत. बर्फातही हेच दोन प्रकार आहेत: दाबून घट्ट झालेला बर्फ घसरवितो, आणि ताजा खोल बर्फ गाडी गिळतो. कोणती मोटार चांगली, याचे उत्तर संकट कोणते यावर अवलंबून असते.

आता मोटारीकडे वळू. हजार किलो वजनाची एक साधी मोटार घ्या. प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलो भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो असतो. भागाकार केला तर प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम सव्वाशे चौरस सेंटिमीटर टेकलेला असतो, म्हणजे माणसाच्या तळहाताएवढा. गाडी लाखाची असो की पन्नास लाखांची, रस्त्याशी तिचे नाते या चार तळहातांपुरतेच आहे. पुढे जाणे, वळणे आणि थांबणे, ही तिन्ही कामे त्या चार तळहातांच्या पकडीतून व्हावयाची असतात. ही पकड म्हणजे जणू घरातले रोजचे धान्य: एकाने जास्त घेतले की दुसऱ्याला कमी उरते. वळणावर जोराने ब्रेक दाबला की गाडी सरळ का निसटते, याचे कारण हेच. थांबण्यातच सगळी पकड खर्च झाली, वळण्याला काही उरले नाही.

पकड किती असते, हे आकड्यांत पाहू. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणक सुमारे ०.७ असतो, ओल्या डांबरावर ०.४ च्या आसपास, दाबलेल्या बर्फावर ०.२, आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहून कमी. राड्याने माखलेला रस्ता घट्ट बर्फाच्या पंगतीला बसविण्यास हरकत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्यावर सुमारे २० मीटरांत थांबते, ओल्यावर ३५, घट्ट बर्फावर ७० आणि गोठलेल्या पाण्यावर १४० मीटर. चालकाने समोरचे संकट पाहून पाय ब्रेकवर नेईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी १७ मीटर जोडावयाचे. वेग निम्मा, म्हणजे ताशी ३० केला, तर ७० मीटरांचे अंतर १८ मीटरांवर येते. निम्म्या वेगाला अंतर चौथाई होते, हा हिशेब प्रत्येक चालकाने पाठ करून ठेवावा.

या हिशेबात गाडीच्या वयाचा उल्लेख कोठे आला नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. मग जुन्या-नव्यात फरक काय? फरक आहे, आणि तो आहे तेवढी पकड वापरून घेण्यात.

जुनी अँबॅसिडर किंवा मुंबईस कुर्ल्याला तयार होणारी फियाट घ्या. इंजिन पुढे, आणि ढकलणारी चाके मागे. गाडी रिकामी असली की मागील चाकांवर भार कमी, म्हणून राड्यात ती जागच्या जागी फिरत आणि गाडीचे शेपूट बाजूला सरके. यासाठी जाणते चालक डिकीत धान्याचे पोते टाकीत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे इंजिन पुढे आणि ओढणारी चाकेही पुढेच. इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवर पडल्यामुळे ही हलकी गाडी निसरड्यावर सहज निघे. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलने हेच उलट बाजूने साधले होते. इंजिनही मागे आणि चालती चाकेही मागे, म्हणून बर्फाळ देशांत तिचा लौकिक झाला. मात्र पुढील चाकांनी ओढणाऱ्या गाडीची एक खोड आहे. मागे तीन माणसे, डिकीत सामान आणि समोर चढ, असे झाले की भार मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात. अशा वेळी तीच गाडी उलटी, मागे-मागे चढविली तर कित्येकदा चढून जाते.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारी ही योजना आहे. पण एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्यावर असले की हीच योजना वैरीण होते. चिखलातले चाक गरगर फिरते आणि कोरड्यावरचे स्वस्थ उभे राहते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकास हे शिकवावे लागत नाही. तो डिफरन्शियल लॉक दाबतो आणि दोन्ही चाके एकत्र बांधतो. जुन्या मोटारीचे चालक हँडब्रेक थोडा ओढून फिरत्या चाकास आवर घालीत. नव्या मोटारीत हेच काम विजेची यंत्रणा करते: जे चाक व्यर्थ फिरते त्यालाच ती ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्याकडे वळविते. युक्ती तीच आहे, हात तेवढा बदलला.

खोल चिखलात मात्र जुन्या गाड्यांचे काही गुण आज आठवावेत असे आहेत. १९०८ साली अमेरिकेत निघालेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीची चाके ३० इंच उंच आणि टायर तीन-साडेतीन इंच रुंद होते. गाडीचे पोट जमिनीपासून चांगले उंच होते. त्या काळी तिकडील खेड्यांतले रस्तेही आपल्यासारखेच चिखलाचे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप, जी पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडावयास घेतली, तिचे टायरही अरुंदच, आणि चारही चाकांना जोर. अरुंद चाक वरचा राडा कापून खालच्या मुरमापर्यंत पोचते. आपल्या जुन्या बैलगाडीचे लोखंडी धावेचे उंच चाक याच न्यायाने चाले. पण खाली कठीण तळच नसेल, तर अरुंद चाक आसापर्यंत रुतते. तेथे रुंद टायरची गाडीच तरते. म्हणून चिखल किती खोल आहे आणि तळाशी काय आहे, हे काठीने पाहिल्याशिवाय गाडी घालू नये. आणखी एक: काळी माती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये दाटून बसते आणि चाक फिरेनासे होते. कित्येक शेतकरी पावसाळ्यात मोटारसायकलचे मडगार्ड काढून ठेवतात ते यासाठीच.

थांबण्याच्या बाबतीत नव्या गाडीने मोठी मजल मारली आहे. ब्रेक जोरात दाबला की जुन्या गाडीचे चाक जाम होई, आणि जाम झालेले चाक सुकाणूचे ऐकत नाही. यावर बॉश कंपनीने १९७८ मध्ये एबीएस ही यंत्रणा मोटारीत आणली. चाक जाम होऊ लागताच ती ब्रेक क्षणभर सोडते आणि पुन्हा धरते, असे सेकंदात कित्येक वेळा. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळविता येते. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. परंतु तिचा लाभ वळविता येण्यात आहे. सैल मातीवर, खडीवर किंवा ताज्या बर्फावर एबीएसची गाडी थांबावयास उलट जास्त अंतर घेते, कारण जाम झालेले चाक आपल्यापुढे मातीचा बांध रचते आणि त्याला अडते. फिरत्या चाकापुढे तो बांध होत नाही.

चार चाकांना जोर असलेल्या गाडीविषयीही असाच गैरसमज आहे. ती निघते उत्तम, पण थांबण्यासाठी तिच्यापाशीही तेच चार तळहात असतात. ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतो. डिसेंबर २०२४ मध्ये हिमाचलात सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान बर्फ पडून शेकडो वाहने अडकली. पर्यटकांना सोडविण्यासाठी पोलिसांना रात्री राबावे लागले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, जेथे बर्फ नित्याचा, सरकारने २००८ पासून हिवाळ्यात थंडीतही मऊ राहणारे खास टायर सक्तीचे केले. गाडी नवी असावी किंवा चार चाकी जोराची असावी, असे तो कायदा सांगत नाही. त्याने बोट ठेवले ते टायरवर.

येथेच मुख्य धोका दडला आहे. जुनी गाडी निसरड्यावर आधीच कुरकुर करी. शेपूट हले, सुकाणू हलके लागे, आणि चालक सावध होई. नवी गाडी ही घसरण स्वतःच निस्तरते आणि चालकाला सुखात ठेवते. पकड संपत आली आहे, हे त्याला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. यंत्राने दिलेला हा आधार वेग वाढविण्यात खर्च केला, तर नव्या गाडीचा मालक जुन्या गाडीच्या मालकापेक्षा अधिक संकटात सापडतो.

तेव्हा करावयाचे काय? टायरच्या खाचा मोटारीला किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, असा आपला नियम आहे. पावसाळ्यापूर्वी त्या पाहाव्यात. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरील धूळ आणि तेल यांचा लेप होतो, तेव्हा वेग निम्मा करावा. शेतातून डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर आणताना चाकांचा चिखल झाडावा. रस्त्यावर सांडलेला राडा खोऱ्याने ओढून काढावा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवाची किंमत त्या पाच मिनिटांच्या श्रमाहून अधिक आहे. गाडी रुतली तर इंजिन रेटू नये. त्याने खड्डाच खोल होतो. पऱ्हाट्या, पोते किंवा दगड चाकाखाली घालावेत आणि वरच्या गियरमध्ये हलकेच निघावे.

आणि शेवटचे म्हणजे रस्ता. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. पण वस्तीवरची बाळंतीण किंवा साप चावलेला गडी पुढच्या काळ्या रस्त्याच्या पलीकडे असतो, आणि त्याला बाजेवर घालून खांद्यावरून आणावे लागते. त्या एक-दोन किलोमीटरांवर कोणत्याही कंपनीची नवी मोटार कामास येत नाही. तेथे उपयोगी पडतो तो मुरमाचा जाड थर, मध्ये उंच ठेवलेली पाठ आणि दोन्ही बाजूंनी पाणी वाहून नेणाऱ्या चाऱ्या. पाणी रस्त्यात मुरले नाही म्हणजे माती फुगत नाही, आणि माती फुगली नाही म्हणजे चाकाला पकड मिळते. मोटार विकत घेणे एकेकाच्या ऐपतीचा प्रश्न आहे. चारी खोदून घेणे साऱ्या गावाच्या हातात आहे, आणि त्यासाठी मृग लागण्यापूर्वीचे हेच दिवस सोयीचे आहेत.