वई कशाची लावावी?

आमचे धारूर बालाघाटच्या डोंगरात वसलेले आहे. येथील जमीन पुष्कळ ठिकाणी मुरमाड, उन्हाळा कडक, आणि माळावरून येणाऱ्या वाऱ्यास आडोसा थोडा. अशा गावी परसात चार वाफे करू इच्छिणाऱ्यास दोन शत्रूंशी सामना करावा लागतो. एक शेळी व दुसरा वारा. एकाच भिंतीने दोहोंचा बंदोबस्त होईल, असे पुष्कळांस वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे.

म्हणून आम्ही आमच्या परसाच्या पश्चिमेस जुने पत्रे सलग उभे केले. शेळ्या येईनाशा झाल्या हे खरे. परंतु एका वादळी दुपारी पाहतो तो पत्र्यांच्या आतील मिरचीची रोपे आडवी झालेली! कारण उघड आहे. सलग भिंतीवर आदळलेला वारा नाहीसा होत नाही. तो वर चढून पलीकडे भोवरे घेत खाली येतो. उलट झाडांच्या रांगेतून सुमारे निम्मा वारा गाळून जातो व त्याचा वेग मंदावतो. रांग १० फूट उंच असल्यास तिच्या मागे १०० फुटांपर्यंत, क्वचित अधिकही, आडोसा लाभतो. मात्र रांग वाऱ्यास आडवी हवी, आणि तिच्यात खिंडार नसावे. कारण फटीतून वारा अधिकच जोराने शिरतो. फाटकही वाऱ्याच्या बाजूस ठेवू नये.

आता झाडे कोणती निवडावी? आमच्या डोंगरांनी याचे अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे, ते म्हणजे सीताफळ. हे खडकाळ जमिनीत, थोड्या पाण्यावर वाढते. त्याच्या पानांस शेळी सहसा तोंड लावीत नाही. आणि बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु त्यात एक उणीव आहे. उन्हाळ्यात, झळा वाहू लागतात तेव्हाच, सीताफळ निष्पर्ण असते. म्हणून बाहेरच्या अंगास सीताफळ व आतील रांगेत विलायती चिंच लावावी. ही काटेरी असून बहुधा हिरवीगार राहते. तिचा पाला शेळ्यांस फार प्रिय. म्हणून लहानपणी तिला राखणे अवश्य आहे. जागा थोडी असल्यास करवंदाची जाळी उत्तम. भाजीचे वाफे रांगेपासून आठ-दहा फूट दूर ठेवावे, म्हणजे मुळांची ओढाताण होणार नाही.

काही झाडे मात्र टाळलेलीच बरी. शेराची कांडी खोवली की पाण्यावाचून जगते. परंतु तिचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो. मोगली एरंडाच्या बिया विषारी असून मुले त्या सहज तोंडात घालतात. घाणेरी तर शोभेसाठी व कुंपणासाठी परदेशातून आणली गेली. पाखरांनी तिचे बी रानोमाळ नेले, आणि आज ती जंगलांतील चाऱ्याची जागा अडवून बसली आहे. लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने कुंपणापलीकडे पाहिले नाही, इतकेच.

पालकांस आमची विनंती आहे की, वई अगदी बांधावर न लावता दोन-तीन हात आत लावावी. झाड आपले असले तरी त्याची मुळे, काटे व सावली शेजाऱ्याच्या वाट्यास जातात, आणि पुष्कळ भांडणांचा उगम तेथेच होतो.

आणि मुलांनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळे खाल तेव्हा बिया फेकू नका. धुऊन, वाळवून, पुडीत बांधून ठेवा. त्या फोडू वा कुटू मात्र नका. त्यांची पूड डोळ्यांस घातक असते. मृगाचा पाऊस पडल्यावर त्या दोन दिवस भिजवून ओळीने पेरा. तुम्ही शाळा सोडून जाल, तोवर तुमच्या घराभोवती आडोसा उभा राहिलेला असेल.