घाटातली किणकिण, चौकातली ठकठक

कसारा घाटात वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनातून बरणीत गोट्या हलवल्यासारखी किणकिण येते आणि खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फुटते. ते पटत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त, म्हणजे ही किणकिण ज्यामुळे होते त्या इंधनाच्या अकाली पेट घेण्याला तो उलट आवरच घालतो. जुन्या गाड्यांना त्याचा त्रास होतो हे खरे, पण मुख्यतः रबरी नळ्या-सीलना. गिअर उतरवताच किणकिण थांबली, तर आधी साठलेला कार्बन, स्पार्क प्लग आणि नॉक सेन्सर तपासावा. द्वारका चौकात सिग्नलला उभ्या गाडीतूनही जड ठकठक येत असेल, तर गोष्ट वेगळी. मेकॅनिक एकेका सिलिंडरची ठिणगी तोडून पाहतो; जिथे आवाज दबतो, तिथले कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बहुधा झिजलेले. सोबत ऑइलचा लाल दिवा लागला, तर गॅरेजपर्यंतही गाडी चालवू नये, टोइंग बोलवावे.