गुरूच्या हाती पंचा

आषाढीच्या वारीत तुकोबारायांची पालखी वरवंड सोडून पाटसला येते व पुढे रोटीचा घाट चढून उंडवडीच्या वाटेस लागते, तेव्हा या गावात एक दृश्य दरसाल पाहावयास मिळते. देहूहून पायी निघालेला वारकरी कोणाच्या तरी ओसरीवर क्षणभर टेकतो. घरचा मनुष्य त्याच्या पायांवर पाणी घालतो आणि तेल लावून ते चोळू लागतो. हे पाय कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, हा प्रश्न निदान त्या घटकेपुरता तरी कोणी काढीत नाही. आमचे बालपण याच रस्त्याच्या कडेस गेले. त्यामुळे योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय समजून घेण्यास आम्हांस फारशा टीकाग्रंथांची गरज पडली नाही.

त्या अध्यायातील प्रसंग असा. यरुशलेमेत येशू आपल्या बारा शिष्यांसह अखेरच्या भोजनास बसला होता. पॅलेस्टाईन देशचे रस्ते आपल्या दौंडकडील रस्त्यांसारखेच धुळीचे, आणि पायांत साध्या वहाणा. घरी आलेल्याचे पाय धुणे हे चाकराचे काम. पण त्या खोलीत चाकर नव्हता. पाणी होते, घंगाळ होते, पंचा होता. उठावयास मात्र कोणी तयार नव्हते. लूक तर असे नमूद करितो, की त्याच रात्री आपणांत मोठा कोण याविषयी शिष्यांमध्ये वाद चालला होता. जेथे असा वाद चालतो तेथे घंगाळ कोपऱ्यात तसेच पडून राहते, हा आमचाही अनुभव आहे. शेवटी येशू स्वतः उठला, त्याने अंगावरील वस्त्र काढून ठेविले, कमरेस पंचा बांधिला आणि एकेकाचे पाय धुऊन पुसावयास आरंभ केला.

आपल्या देशात गुरूचे पाय शिष्याने धुवावे व ते तीर्थ मस्तकी लावावे, अशी रीत फार जुनी आहे, आणि तिच्यात विद्येविषयीचा आदर आहे. येथे ती रीत उलट झाली. म्हणूनच पेत्र संकोचला. आपण माझे पाय कदापि धुवू नयेत, असे तो म्हणू लागला. त्याच्या बोलण्यात नम्रता दिसते खरी, पण आम्हांस वाटते की तिच्या आड थोडा अभिमानही असावा. सेवा करणे पुष्कळांस जमते, सेवा करून घेणे जमत नाही. आजारपणात आईने पायांस तेल लावू म्हटले तर मोठी मुले पाय आखडून घेतात, तशातलाच हा प्रकार.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. यहूदा इस्कर्योत त्या वेळी खोलीतच होता. तो बाहेर गेला तो पाय धुणे आटोपल्यावर. म्हणजे विश्वासघात करण्यास जे पाय थोड्याच वेळात अंधारात निघणार होते, तेही गुरूने हातात घेतले, धुतले, पुसले. आणि त्याच्या मनात काय आहे हे गुरूस ठाऊक होते. या ठिकाणी आम्ही जितक्या वेळा येतो तितक्या वेळा अडतो. आवडत्या मनुष्याची सेवा कोणीही करील.

शिष्य या अर्थी नव्या करारात जो ग्रीक शब्द योजिला आहे त्याचा मूळ अर्थ शिकणारा असा आहे. वचने पाठ करून बक्षीस मिळविणारी मुले आमच्या शाळेत पुष्कळ आहेत, आणि पाठांतराचे आम्ही वैरी नाही. परंतु वर्ग झाडण्याची पाळी आली म्हणजे जो विद्यार्थी एकाएकी दिसेनासा होतो, त्यास तेरावा अध्याय तोंडपाठ असला तरी तो अजून शिकावयाचा आहे, असेच म्हणणे भाग पडते. स्वतः येशूही आधी शिकणारा होता. बारा वर्षांचा असता तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता. तेथे तो ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. त्यानंतर तो आईबापांबरोबर नासरेथास परत गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि सुमारे तीस वर्षांचा होईपर्यंत लोकांनी त्यास सुतार म्हणूनच ओळखिले.

आता पाटसच्या मुलांनी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसून खिडकीबाहेर लक्ष ठेवावे. कडेठाण मागे पडले की केडगाव लागते. या स्थानकाजवळ पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. जे वर सांगितले ते एका मनुष्याच्या आयुष्यात उतरले म्हणजे कसे दिसते, हे पाहण्यास आम्हांस दूरदेशी जावे लागत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते आपल्या मुलीस दिले. पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव पायी हिंडे. मद्रास इलाख्यातील दुष्काळात, 1874 साली, आईबाप दोघेही गेले. पुढे 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. विवाहानंतर थोड्याच काळात, 1882 साली, त्यांस वैधव्य आले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दीक्षा घेतली म्हणजे मान तुकवून होय म्हणावयाचे, असे मात्र त्यांनी मानिले नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात धर्ममतांविषयी त्यांनी निर्भयपणे प्रश्न केले, व जे पटले नाही ते पटले नाही असे स्पष्ट लिहिले. मंदिरात प्रश्न विचारणाऱ्या त्या बारा वर्षांच्या मुलाची आम्हांस येथे आठवण होते. प्रश्न विचारणारी मुले उद्धट असतात असे समजणाऱ्या पालकांनी (आणि शिक्षकांनीही) हा भाग दोनदा वाचावा.

1889 साली त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढिले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणिले. 1893 साली त्यावरून मोठे वादळ उठले. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागताच, सदनात धर्माविषयी तटस्थ राहण्याचे वचन मोडले असा आक्षेप आला. रानडे व भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडिले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या वाचकांत ख्रिस्ती नसलेले पालक पुष्कळ आहेत, म्हणून हे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या पालकांची भीती खोटी नव्हती, आणि रमाबाईंची तळमळही खोटी नव्हती.

त्यानंतर 1896 अखेर मध्यप्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हे रमाबाईंस पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. त्या स्वतः तेथे गेल्या आणि अन्नावाचून खंगलेल्या शेकडो मुलींस घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे दिवस. इतक्या मुलींस शहरात ठेवण्याची सोय राहिली नाही. केडगावास सुमारे 100 एकर जमीन फळबागेसाठी घेतली होती, तेथे या मुलींस नेण्यात आले. बांधलेल्या इमारती नव्हत्या. झोपड्यांतून संसार सुरू झाला. शारदासदनातील जुन्या मुली नव्या आलेल्यांच्या शिक्षिका व सांभाळणाऱ्या झाल्या. 1900 च्या गुजराथच्या दुष्काळाने आणखी भर पडली व पुढे तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. विणकाम, शेती, छापखाना अशी कामे तेथे शिकविली जात. नुसते जेवू घालून हात धुऊन मोकळे होण्याचा तो प्रकार नव्हता.

तेथील एक शाखा आम्हांस सर्वांत अधिक बोलकी वाटते. आंधळ्या मुलींच्या घरास बार्तिमी सदन असे नाव दिलेले होते. यरीहोच्या रस्त्याच्या कडेस भीक मागत बसणारा आंधळा बार्तिमय येशूस हाका मारू लागला, तेव्हा सभोवतालच्या लोकांनी त्यास गप्प राहण्यास दटाविले. हे लोक येशूच्याच मागून चाललेले होते, हे विसरू नये! ज्यांच्या मागे चालण्याने आंधळ्याचा आवाज दाबला जातो, असेही अनुयायी असतात. येशू थांबला, त्यास बोलावून घेतले आणि मी तुजसाठी काय करावे, असे त्यालाच विचारिले. आंधळ्यास काय हवे असणार हे कोणासही कळण्यासारखे होते; तरी त्याने विचारिले. दान देणारे आम्ही सहसा विचारीत नाही. केडगावी मुलींस ब्रेल लिपीने वाचावयास शिकविण्याचे काम रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी केले. घास भरविणे त्याहून सोपे होते.

रमाबाईंच्या आयुष्याची शेवटली अनेक वर्षे एका कामात गेली. बायबलाचे मराठी सामान्य खेड्यातील स्त्रियांस कळत नाही, हे त्यांस सलत होते. म्हणून संस्कृत पंडिता असलेल्या या बाई हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि मूळावरून सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर करू लागल्या. ज्यांनी पांडित्याच्या बळावर कलकत्ता जिंकिले, त्यांनी ते पांडित्य झाडलोट करणारीस समजावे म्हणून खाली उतरविले. आमच्या मते कमरेस पंचा बांधणे ते हेच. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आई काम करीतच राहिली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे तिचाही अंत झाला. भाषांतर तोवर पुरे झाले होते. ते 1924 साली मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापून निघाले. ते छापणारे हात तेथेच आसरा घेतलेल्या स्त्रियांचे होते.