शर्यतींचा हंगाम आणि पायांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या लाखनीकडे धानाची कापणी-मळणी उरकली की गावोगावी मंडई भरते, मोकळ्या शेतांत शंकरपटाची दाण उठते आणि त्याच सुमारास माणसांच्या शर्यतींचाही हंगाम सुरू होतो. शालेय स्पर्धा, मग २६ जानेवारीची दौड, शिवजयंतीची दौड, कुठे रोख बक्षिसाची 'मिनी मॅरेथॉन'. त्यातच पोलीस भरतीची किंवा सैन्य भरतीची तारीख लागते. पहाटे महामार्गाच्या कडेने धावणारी आमची मुलं-मुली यातली एकही शर्यत सोडायला तयार नसतात. मी अनेक वर्षं धावलो आहे, त्यामुळे हा मोह मला ठाऊक आहे. आजचा प्रश्न एवढाच, की एका हंगामात किती धावावं आणि कशासाठी?

उत्तर शोधायला आपल्याच महाराष्ट्रातला एक हंगाम पाहू. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातला अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, सियाचीनच्या थंडीत राहिला आणि नंतर सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींतून पुढे आला. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. साडेसात फेऱ्यांत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी, म्हणजे एकूण ३५ उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. हा अडथळा साध्या हर्डलसारखा धक्क्याने पडत नाही. धडकला तर धावणाराच पडतो.

२०२२ साली मार्चमध्ये तिरुवनंतपुरमला त्याने ८ मिनिटे १६.२१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. मे महिन्यात अमेरिकेत तो ५००० मीटर धावला आणि १३ मिनिटे २५.६५ सेकंदांची वेळ देऊन बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा विक्रम मोडला. जूनमध्ये मोरोक्कोतील रबातला स्टीपलचेसची वेळ ८ मिनिटे १२.४८ सेकंदांवर आली. जुलैत जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आला. वर्तमानपत्रांत निराशेचे मथळे आले. पण पुढे तीनच आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्टला, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकलं. सुवर्णपदक फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकलं. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूने मिळवलेलं राष्ट्रकुलातलं ते पहिलं पदक.

हा यशाचा क्रम आपण ऐकतो आणि वाटतं, हा पठ्ठ्या किती धावतो! पण नीट पाहिलं तर वेगळं दिसेल. मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत प्रत्येक शर्यतीचं काम निराळं होतं. मार्चची शर्यत हिवाळ्याची मेहनत तपासायला, मेची ५००० मीटर वेग आणि दम वाढवायला, जूनची जगातल्या अव्वल धावपटूंच्या झुंडीत धावायची सवय व्हायला. खरा कस जुलै-ऑगस्टात लागायचा होता.

आता शरीराचं गणित सांगतो. आपण भात, पोळी, पोहे खातो, त्यातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठते. जोराची लांब शर्यत हा साठा बराचसा रिकामा करते आणि तो पुन्हा भरायला एक ते दोन दिवस लागतात. स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, ती भरायला आणखी काही दिवस. सर्वांत सावकाश चालतात हाडं आणि स्नायूबंध. हृदय-फुप्फुसांचा दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं मजबूत व्हायला मात्र महिने लागतात. म्हणून दम आहे, उत्साह आहे आणि नडगी मात्र ठणकते, असं आपल्या मुलांचं होतं. त्या दुखण्यावर तेल चोळून तसंच धावत राहिलं, तर हाडाला बारीक चीर पडू शकते. मग दोन-तीन महिने घरी.

जुन्या धावपटूंचा एक ठोकताळा आहे. शर्यत जितक्या मैलांची, तितके दिवस पुढे जोराचं धावणं बंद. म्हणजे १६०० मीटरला एक दिवस, ५ किलोमीटरला तीन, १० किलोमीटरला सहा, अर्ध्या मॅरेथॉनला तेरा. या दिवसांत चालावं, हलकं पळावं, झोप पुरी घ्यावी. दुसरी खूण नाडीची. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर नाडी मोजा आणि वहीत लिहा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, असं दोन-तीन दिवस दिसलं, तर शरीर थकलेलं आहे किंवा ताप येऊ घातला आहे. पटाच्या बैलजोडीला इकडचा जाणता मालक एका पटानंतर लगेच दुसऱ्या पटात जुंपत नाही; तिला विसावा देतो, खुराक देतो. स्वतःच्या पायांना आपण निदान तेवढा मान द्यावा.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्याची, मोही गावची ललिता बाबर २०१५ च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत धावली. जूनमध्ये वुहानला स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेती झाली आणि ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी आली. ४२ किलोमीटरपासून ३ किलोमीटरपर्यंतचा हा पल्ला तिने एका वर्षात गाठला, पण दोन्हींच्या मध्ये पाच महिने होते. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ती दहावी आली. आपल्या मुली पुष्कळदा अर्धपोटी धावतात. लवकर धाप लागणं, चेहरा फिकट पडणं ही रक्त कमी असल्याची लक्षणं असू शकतात; प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी काही महिने बंद झाली, तर ती सरावाची शाबासकी समजू नका. खाणं कमी आणि श्रम जास्त होत असल्याचा तो इशारा असू शकतो. आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा.

आता भरती. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत पूर्ण केले, तर पूर्ण गुण. या पाच मिनिटांवर घरादाराची आशा असते. तेव्हा आदल्या रविवारी दोन हजार रुपयांच्या बक्षिसासाठी दहा किलोमीटर जीव तोडून धावायचं का, याचा विचार घरच्यांनीही करावा. भरतीच्या आधीचे दहा दिवस धावणं निम्म्यावर आणा. थोडं पण वेगाने धावा. कमावलेला दम दहा दिवसांत जात नाही, थकवा मात्र जातो.

नियोजन केलं म्हणजे दुखापत होतच नाही, असंही नाही. साबळेने २०२३ मध्ये हांगझोऊला १ ऑक्टोबरला आशियाई सुवर्ण आणि तीनच दिवसांनी ५००० मीटरचं रौप्य जिंकलं. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा विक्रम केला. आणि २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचा स्नायूबंध दुखावला आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. इतक्या मोठ्या धावपटूलाही हंगाम अर्ध्यावर सोडावा लागतो. थांबण्यात कमीपणा नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत यंदाच्या सगळ्या शर्यती लिहा. त्यातल्या दोन, फार तर तीन तारखांभोवती लाल गोल करा. त्या जिंकायच्या. बाकीच्या सरावाच्या, नाहीतर सरळ सोडून द्यायच्या. आणि मार्च सरला, इकडचं ऊन तापू लागलं, की दोन-तीन आठवडे शर्यतीचं नावही काढू नका. पुढच्या हंगामाची तयारी त्या विश्रांतीतूनच सुरू होते.