युद्धकाळातील तरुण मराठा योद्धा : परंडा राजधानीच्या संदर्भात

इ.स. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यानंतर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून परंडा येथून राज्यकारभार सुरू केला. त्याच वर्षी सेकिगाहाराच्या लढाईने जपानमधील दीर्घ यादवीचा निर्णय लागला. या काळातील तरुण मराठा योद्ध्याचे जीवन सामुराईच्या तुलनेत पाहणे उद्बोधक ठरते.

मराठा तरुण सैन्यात दोन प्रकारे दाखल होई. स्वतःचा घोडा व शस्त्रे आणणारा तो शिलेदार. सरकारी वा सरदाराच्या घोड्यावर स्वार होणारा तो बारगीर. घोडा मेला की शिलेदाराचे भांडवलच बुडे. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. 1624 ते 1636 या काळात शहाजीराजांनी निजामशाही, आदिलशाही व मोगल या तिन्ही सत्तांची चाकरी केली.

यास केवळ स्वामिद्रोह म्हणणे युक्त नव्हे. जपानमध्ये हिदेयोशीने 1588 मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली. पुढे सामुराई जमिनीपासून तुटून धन्याच्या धान्यरूपी वेतनावर अवलंबून राहिला. मराठा योद्ध्याचे वतन मात्र गावातच होते. सत्ता बदलली तरी ते नव्या सत्तेकडून मान्य करून घेणे त्यास भाग होते. सामुराईची निष्ठा धन्याशी, तर मराठ्याची प्रथम वतनाशी बांधलेली होती.

परंड्याच्या इतिहासात 1630 व 1634 मधील मोगलांच्या अयशस्वी मोहिमांची नोंद होते. त्यामागील स्वाराचा घोडा, वतन व कुटुंब यांचाही विचार झाल्यास त्या काळातील निष्ठेचा अर्थ अधिक स्पष्ट होईल.