भंडारदरा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे आर्थर सरोवर डोंगरांच्या कुशीत इतके मुरून बसले आहे की ते नैसर्गिक असल्याचा समज सहज होतो. वास्तविक तो प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचा जलाशय आहे. धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला धबधबाही पावसावर चालत नाही. धरणातून पाणी सोडले की ते गोलसर खडकावरून छत्रीसारखे पसरते. दार बंद असेल तर भर पावसातही तो दिसत नाही. रंधा धबधब्याचा कडा निसर्गाचा, पण वरच्या धरणामुळे त्याचाही जोर विसर्गावर अवलंबून असतो. म्हणून निघण्यापूर्वी विसर्गाची चौकशी करणे फायद्याचे.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर हेमाडपंती म्हणवले जाते, त्यावरून ते हेमाद्री पंडिताने बांधले असे सांगितले जाते. हेमाद्री तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. मंदिर त्याच्या आधीचे, शिलाहार काळातील मानले जाते. त्याचे कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी घाईत उरकण्यासारखी नाही.

कळसूबाई (१६४६ मीटर) हा किल्ला नव्हे, राज्यातील सर्वोच्च शिखर आहे. शिड्या आहेत म्हणून चढाई सोपी, हाही भ्रमच. त्या फक्त उभ्या कातळटप्प्यांवर आहेत. बाकीची दमछाक पायांनाच सोसावी लागते.

सर्वाधिक गैरसमज काजव्यांबद्दल आहेत. ते पावसाळाभर दिसत नाहीत. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पाऊस स्थिरावेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर त्यांचा बहर असतो. जोरदार पाऊस सुरू झाला की तो ओसरतो. काजवा ही माशी नसून भुंगेऱ्यांच्या कुळातील कीटक आहे. त्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात जमिनीवर, ओलसर पाचोळ्यात जाते आणि प्रौढावस्था जेमतेम काही आठवड्यांची असते. तेवढ्यात लुकलुकण्याच्या खुणेने जोडीदार शोधायचा असतो. गाडीचे दिवे, बॅटरी आणि फ्लॅशच्या झोतात ती खूण हरवते, आणि जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षीचे काजवेच घटतात. फ्लॅशने फोटोही साधत नाही, कारण त्या झगमगाटात काजव्यांचा मंद प्रकाश पुसला जातो. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे वनखात्याचे नियम पाळणे, दिवे बंद ठेवणे आणि पायवाट न सोडणे बंधनकारकच मानावे.

साम्रदची सांधण दरी पावसाळी सहलीची जागा समजली जाते. ही समजूत जिवावर बेतू शकते. दोन उभ्या कड्यांमधली ही अरुंद नाळ म्हणजे पाण्याचीच वाट. वर पठारावर पाऊस झाला की लोंढा आत शिरतो आणि बाजूला सरकायला जागा नसते. हिवाळा आणि उन्हाळ्याचा आरंभ हाच तिचा हंगाम. तेव्हाही वाटेतल्या डोहांत पाणी असते, आणि कोकणाच्या बाजूने पूर्ण उतरायचे तर दोर व जाणकार वाटाड्या हवाच.