हातातला नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी असतंच का?

बोअर घ्यायचं ठरलं की अनेक गावांत मशीनच्या आधी पाणाड्याला बोलावलं जातं. तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला किंवा हातातली दुबेळकी फांदी झुकली, की तिथे खूण केली जाते. पण बोअरचे पैसे फुटावर असतात. पाणी लागलं नाही, तरी ते द्यावेच लागतात. मग ही पद्धत कितपत खरी?

चाचणीत काय दिसलं?

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये मोठी चाचणी झाली. सुमारे ५०० पाणाड्यांमधून ४३ जण निवडले गेले. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप होता. त्याची जागा दर वेळी बदलायची आणि पाणाड्याने वरच्या मजल्यावरून ती ओळखायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. बहुतेकांना जागा ओळखता आली नाही. सहा जणांकडे खास कौशल्य असल्याचा दावा संशोधकांनी केला. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी तपासली, तेव्हा या सहा जणांचं यशही योगायोगापलीकडचं नसल्याचं त्यांना आढळलं.

मग नारळ हलतो कसा?

मनात अपेक्षा असली की हाताचे स्नायू नकळत किंचित हलतात. याला ‘आयडिओमोटर’ परिणाम म्हणतात. विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये तो मांडला. म्हणजे पाणाड्या मुद्दाम फसवत असेलच असं नाही. नारळ हलतो, पण पाण्यामुळे नाही.

तरी पाणी कसं लागतं?

राज्याचा बहुतांश भाग बसाल्ट खडकाचा आहे. पाणी या खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. अनुभवी पाणाड्या जमिनीचा उतार, झाडं, शेजारच्या विहिरी बघतो. त्यामुळे अंदाज कधी बरोबर येतो. लागलेला बोअर गावभर सांगितला जातो, कोरडा गेला तर नशिबाला दोष दिला जातो.

बोअरआधी काय कराल?

• आसपासच्या बोअरना किती फुटांवर पाणी लागलं आणि उन्हाळ्यात ते टिकतं का, हे विचारा.

• जमिनीचा विद्युतरोध मोजणारं सर्वेक्षण करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. यातही शंभर टक्के खात्री नसते, पण जागा का निवडली ते कळतं.

• पाणाड्याला बोलावलंच, तर डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच शेतात पुन्हा फिरायला सांगा. खूण त्याच जागी आली नाही, तर मशीन बोलावण्याआधी थांबा.